पाचव्या ठोक्यावरचा श्वास

मी, वय वर्षे एकोणचाळीस, व्यवसाय चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणे, समक्ष हजर राहून जबाब देते तो असा. माझे नाव, पत्ता व मोबाईल नंबर वरच्या रकान्यांत एकदा लिहून दिला आहे. व्यवसायात "बँडमध्ये बेस गिटार वाजवते" हेही घ्या, असे मी सांगितले. त्यावर हवालदार साहेब म्हणाले, "छंदाला रकाना नाही, बाई." अकरा वर्षे वाजवते आहे. छंद नाही. एवढे तरी इथे लिहून घ्यावे.

आमचा बँड तिघांचा, नाव 'गळका नळ'. मी, माझा धाकटा भाऊ आणि फ्रिजवाला. फ्रिजवाला फ्रिज दुरुस्त करतो आणि बँडमध्ये ड्रम वाजवतो. सराव त्याच्याच दुकानात, रविवारी दुपारी, उघड्या पडलेल्या फ्रिजांच्या मधोमध. तिथला नळ आजतागायत नीट बंद झालेला नाही, म्हणून हे नाव. गाणी भाऊ लिहितो, चाली तोच लावतो, गातो तोच. कोणत्याही कंपनीने आम्हाला उचलले नाही. कॉलेजांत वाजवले, हॉटेलांत वाजवले, एकदा टायरच्या शोरूमच्या उद्घाटनालाही वाजवले. सामान स्वतः वाहिले. कोणापुढे तोंड वेंगाडले नाही.

भावाला फुप्फुसांचा आजार आहे. 'कुलूप' हे त्याचे गाणे. त्यातला शेवटचा अंतरा एका दमात गावा लागतो, आणि तो त्याला जमेनासा झाला. एका रविवारी तो त्या जागी अडकला आणि मान खाली घालून उभा राहिला. फ्रिजवाला त्याच्याकडे न बघता म्हणाला, "घे रे सावकाश, मी थांबतो." त्याने एक ठोका रिकामा सोडला. तेव्हापासून सगळ्या गाण्यात चार मोजायचे आणि त्या एका जागी पाच, असे ठरून गेले. पाचव्याला कोणी वाजवत नाही, भाऊ श्वास घेतो. ऐकणारे म्हणायचे, वा, काय कल्पना आहे! कल्पना कसली डोंबलाची. माणसाला दम लागत होता.

सामनेवाला लंबू हा पूर्वी आमच्याच बँडमध्ये गिटार वाजवायचा. आमच्या घरी जेवलेला, माझ्या आईला आई म्हणणारा. पुढे त्याने स्टुडिओ टाकला आणि एका म्युझिक कंपनीची कामे घेऊ लागला. दोन वर्षांपूर्वी 'कुलूप' आम्ही त्याच्याकडे रेकॉर्ड केले. तो म्हणाला, एकेकट्याने वेगळे वाजवा, मी नंतर जुळवतो. आम्ही नाही म्हटले. तिघांनी एका खोलीत, एकमेकांच्या तोंडाकडे बघत वाजवायचे ही आमची रीत आहे. तो कुरकुरला, "मग गाणाऱ्याचा आवाज ड्रमच्या माईकमध्ये सांडतो, ताई. नंतर पुसता येत नाही." सांडू दे म्हटले. रेकॉर्डिंग त्याच्याच डिस्कवर राहिले. घरच्या माणसाकडे कॉपी काय मागायची, असे आम्हाला वाटले. पुढे भावाचा आजार बळावला. आता नाकात नळी असते आणि सोबत ऑक्सिजनचे छोटे मशीन. तो बोलतो, गाऊ शकत नाही. त्याचा स्पष्ट गाता आवाज त्या एकाच रेकॉर्डिंगमध्ये आहे, बाकी सगळी मोबाईलवरची खरखर.

गेल्या गुरुवारी दुकानात रेडिओ चालू होता आणि मी एका गिऱ्हाइकाची काच बसवत होते. कोणी नवीन मुलगी गात होती. शब्द इकडेतिकडे बदललेले, गाण्याचे नावही वेगळे. माझे लक्ष नव्हते, पण पाय आपोआप मोजत होता. चार, चार, चार आणि मग पाच. माझ्या हातातल्या काचेची कड उडाली. गिऱ्हाईक म्हणाले, "अहो, माझा चष्मा!" मी म्हटले, "अहो, माझा भाऊ!" इंटरनेटवर कंपनीच्या पानावर पाहिले तर गीत लंबू, संगीत लंबू. त्या मुलीचा यात दोष नाही, तिला कागद दिला, ती गायली.

शुक्रवारी मी स्टुडिओत गेले. लंबू म्हणाला, "ताई, तुमचं गाणं तसंही धूळच खात होतं. कंपनीला ताजा आवाज पाहिजे होता. या धंद्यात असंच चालतं, आपण बसून मिटवून टाकू." मी म्हटले, मला काही मिटवायचे नाही, माझ्या भावाचा आवाज दे. तेव्हा तो म्हणाला, "तो ट्रॅक उडवला. डिस्कवर जागा लागत होती."

जागा लागत होती. हे शब्द जसेच्या तसे लिहावेत. एवढ्या मोठ्या स्टुडिओत माझ्या भावाच्या आवाजापुरती जागा नव्हती. लाज कशी वाटली नाही मेल्याला!

मी तोडफोड केल्याची तक्रार लंबूने दिली आहे, ती खोटी आहे. माईकचा एक स्टँड माझा धक्का लागून पडला. तो मी उचलला नाही, कारण मला उचलायचा नव्हता. डिस्क दाखवल्याशिवाय हलणार नाही म्हणून मी खुर्चीवर बसून राहिले, यापेक्षा जास्त काही केलेले नाही.

हे गाणे तुमच्याच रेकॉर्डिंगवरून उचलले याला पुरावा काय, असे विचारल्यावरून सांगते की, लंबूने भावाचा आवाज काढला, त्या जागी त्या मुलीचा चढवला. पण वाजवणे आमचेच ठेवले, आणि ड्रमच्या माईकमध्ये सांडलेले त्याला पुसता आले नाही. एरवी ते वाद्यांखाली दबते. पाचव्या ठोक्याला सगळे थांबतात, तिथे माझ्या भावाचा श्वास आहे. ती मुलगी तिथे नुसती गप्प आहे, तिला दम लागत नाही.

हवालदार साहेब म्हणाले, "बाई, श्वास काय, सगळेच घेतात." मी म्हटले, वाजवा. त्यांनी स्वतःच्या मोबाईलवर गाणे लावले. ती जागा आली. श्वास आत ओढल्याचा आवाज आला आणि शेवटी छातीतली बारीक शिट्टी. खोलीचे दार उघडे होते. बाहेरच्या बाकावर माझा भाऊ बसलेला आहे. "जाऊ दे ना ताई, कशाला वाढवतेस," असे सकाळपासून म्हणत होता, तरी मागोमाग आला. गाणे त्याच्याही कानावर गेले असणार. त्याने श्वास घेतला, तसाच, शेवटी तीच शिट्टी. साहेबांचे हात कीबोर्डवर थांबले. त्यांनी दाराकडे पाहिले. मग मोबाईल बंद करून ते पुढे टाईप करू लागले.

माझी मागणी इतकीच की, लंबूची डिस्क जप्त करावी, त्यातले उडवलेले परत मिळते का ते जाणकाराकडून पाहावे, आणि मिळाले तर माझ्या भावाचा आवाज माझ्या भावाला द्यावा.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. फक्त साक्षीदारांच्या तपशिलात माझ्या भावाच्या व्यवसायापुढे 'निरंक' असे टाईप केले होते. ते खोडून तिथे 'गायक' असे लिहून घेतले व मगच सही केली.