म्हाताऱ्याची ताटली

आपला कुत्रा प्राण्यांच्या निवाऱ्यात कायमचा सोडायला आलेला शिंपी बाकावर बसून समोर निवाऱ्यातल्या ताई आणि एका आजोबांचं चाललेलं बोलणं ऐकत होता.

"ताई, हा म्हातारा कुत्रा मला द्याल?"

"याला कसा देऊ, आजोबा? सोडून दिलेलं कुत्रं इथे आलं की अन्नाला तोंड लावत नाही. मग हा आपली ताटली नाकाने ढकलत त्याच्यापुढे नेतो."

"आणि स्वतः?"

"ते खाईपर्यंत हाही उपाशी."

"शिकवलं कुणी?"

"कोण शिकवणार? याला सोडून गेले, तेव्हा हाच पाच दिवस उपाशी होता."

"कमाल आहे बुवा! अहो, पण हा आता ताटली घेऊन कुठे निघाला?"

फरशीवर खरखरत आलेली ताटली शिंप्याच्या कुत्र्यापुढे थांबली.

"भाऊ, तुम्ही याला सोडायला आलात?"

"नाही, ताई." शिंपी साखळी मनगटाला गुंडाळत उठला. "याची घरी जेवायची वेळ झालीय."