साठच्या वेगाला

"हॅलो?… हॅलो, कोण?… अगं छोटे, तू होय! थांब, हात तेलाने बरबटलेत, फोन स्पीकरवर टाकतो… हां, बोल. पण पटकन हं, इथे एक गिअरबॉक्स पोट उघडून पडलाय टेबलावर."

पटकन बोलणं छोटीला जन्मात जमलं नव्हतं. दादाची ही धाकटी बहीण बेचाळीस वर्षांची, दोन मुलांची आई, तरी घरात ती अजून छोटीच. बाबा तिच्याकडे राहायचे, त्यामुळे दुपारच्या फोनवर साधारणपणे बाबांच्या तक्रारी असत. त्या ऐकत ऐकत दादाचं निम्मं काम होऊन जाई.

"काय?… गाडी विकतेस? कुठली?… बाबांची?"

पाना हातातून सुटून टेबलावर आदळला.

"अगं पण का?… कोण म्हणालं?… बाबा स्वतः? सावकाश बोल, अर्धं कळत नाहीये मला… हं… किल्ली आणून तुझ्या हातात ठेवली?… आणि काय म्हणाले?… 'पाय थरथरतो माझा, आता बास'… असं म्हणाले?"

चाळीस वर्षं ट्रक हाकलेला माणूस होता तो. निवृत्तीनंतर डावा गुडघा क्लच दाबताना कुरकुरायला लागला, तेव्हा दादानेच शोधून त्यांना ही ऑटोमॅटिक गाडी घेऊन दिली होती. ना क्लच, ना गिअर टाकायची कटकट. रोज सकाळी बाबा ती घेऊन पुलापलीकडे मित्रांकडे पत्ते खेळायला जायचे. गाडी गेली की पत्ते गेले, पत्ते गेले की मित्र गेले, आणि मग बाबा दिवसभर खिडकीशी खुर्ची टाकून बसणार. दादाला ते नुसतं मनात आणणंही सोसवेना.

"डॉक्टर काय म्हणाले?… काही सापडलं नाही ना? मग?… हो, हो… अगं ऐक ना… अगं ऐक तरी! कधीपासून होतंय?… तीन आठवडे. बरं. नेमकं काय होतं ते सांग… नाही, पायाचं नको सांगूस, गाडीचं सांग… सगळी गाडी थरथरते? खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी?… किती वेगाला?… साठच्या आसपास. आणि सिग्नलला उभी असताना?… नाही. ब्रेक मारताना?… नाही. हं."

त्या 'हं'मध्ये दादाचा पंचवीस वर्षांचा धंदा होता.

"आणि तू चालवतेस तेव्हा?… अजिबात नाही? म्हणून तुम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं, की पाय बाबांचाच… वा! काय डोकी आहेत!… नाही गं, चिडलो नाही… बरं, चिडलोय. गिऱ्हाईक कधी येणारे?… पाचला? आत्ता साडेतीन वाजलेत. किल्ली घे आणि गाडी काढ… हो, तूच. आणि फोन समोरच्या स्टँडला लाव… बाबांना काय सांगू म्हणजे? दूध संपलंय म्हणून सांग… काल दोन लिटर आणलं? मग नासलं म्हणून सांग!"

गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत छोटीने थरथर कशाने होते ते तीनदा विचारलं, आणि दादाने तीनदा सांगितलं.

"अगं, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये एक गोल डबा असतो. टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात त्याला… नाव राहू दे गं. आत तेल, आणि समोरासमोर दोन पंखे. इंजिनाचा पंखा तेल ढकलतो, त्या तेलाने दुसरा फिरतो… हां. मग गाडी एका लयीत पळायला लागली की आतली एक चकती त्या दोघांना घट्ट धरते. ती धरता धरता घसरली, परत धरलं, परत घसरली… की थरथर. कळलं?… नाही कळलं तरी चालेल, तू समोर बघ."

"आलीस मोठ्या रस्त्याला?… मागे कोणी आहे?… नाही ना. पट्टा?… शाबास. आता साठ कर… किती झाले?… ऐंशी? अगं, विमान उडवायचंय का तुला! खाली घे… हे बघ, इथेच तर मेख आहे. तू पॅडल तुडवतेस. जोर दिला की गाडी ती चकती सोडून देते, मग थरथरणार कुठून? बाबा कसे चालवतात आठव बरं… बरोब्बर! डिझेलचा थेंबन् थेंब वाचवत आयुष्य गेलंय त्यांचं. तसा पाय ठेव. पायाखाली अंडं आहे समज… चप्पल काढायची गरज नाहीये, समज म्हणालो मी!… पंचावन्न… तसाच धर… साठ… हलवू नकोस…"

फोनमधून आधी नुसती घरघर आली. मग स्टँडला लावलेला फोनच कटकट वाजायला लागला, आणि पाठोपाठ छोटीची किंकाळी.

"ओरडू नकोस! पाय तसाच ठेव! काही मोडत नाहीये… ऐक. आता डावा पाय ब्रेकवर. दाबायचा नाही हं, नुसता टेकवायचा, मागचा दिवा लागेल एवढाच… टेकवलास?… गेली? एकदम गेली?… उचल पाय… आली परत? टेकव… गेली! बस्स! छोटे, बस्स! अगं, ब्रेकला पाय लागला की गाडी चकती सोडते. चकती सुटली की थरथर बंद. बाबांचा पाय त्या गावचाच नाही!"

रिकाम्या वर्कशॉपमध्ये दादाने स्वतःभोवती एक गिरकी घेतली. पण पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"हॅलो?… छोटे?… अगं रडतेस काय, आधी गाडी बाजूला घे!… घेतलीस? रड आता… हो गं, मला कळतंय. मी तरी काय केलं? गेल्या आठवड्यात मीच त्यांना फोनवर म्हणालो, 'बाबा, जपून चालवा हं आता.' आपण सगळ्यांनी मिळून त्यांना म्हातारं करून टाकलं… हो. पूस डोळे. अजून काम बाकी आहे."

"बॉनेट उघड. इंजिन चालू राहू दे, गिअर पार्किंगला. तेलाच्या दोन दांड्या दिसतील… लाल कडीची ओढ. कागदावर पूस. रंग काय?… लाल नाही? नीट बघ… मधासारखा? चिकट?… छे, छे, हे भलतंच तेल आहे! कोणी भरलं?… बाबांनी? आणि त्यांना हे दिलं कोणत्या गाढवाने?…"

पलीकडून उत्तर आलं. दादाने कानात बोट घालून हलवलं.

"…मी?"

वर्कशॉपच्या फळीवर पांढऱ्या डब्यांची रांग होती. रिकामा डबा टाकून द्यायचा नाही, ही दादाची खोड. सगळे डबे सारखेच, म्हणून ऑटोमॅटिकच्या तेलाला खूण एकच, कडीला लाल चिंधी. आणि हात पुसायला चिंधी सापडली नाही की तीच सोडायची, ही दुसरी खोड. त्याने चिंधीच्या शेजारचा डबा उघडून बोट बुडवलं. बोट लालभडक निघालं. ऑटोमॅटिकचं खरं तेल त्या डब्यात होतं.

"…हां, आहे गं, ऐकतोय… नरसाळ्यातून उतरायला तासभर लागला त्यांना? मग मला विचारलं का नाही?… काय म्हणाले?… 'पोराने दिलंय म्हणजे बरोबरच असणार.'"

दादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेल जुनं झालं असेल, एवढं म्हटलं असतं तरी प्रकरण मिटलं असतं. छोटीला काय कळणार होतं? वाक्य जिभेवर आलंही होतं. त्याने ते गिळलं.

"छोटे, माझीच चूक आहे. चिंधी चुकीच्या डब्याला बांधली मी. तुमच्या गाडीत हाताने गिअर टाकायच्या गाडीचं जाड तेल गेलंय… हस. हस, पोटभर हस… गिअरबॉक्स? त्या दांडीचा वास घे. जळका येतो?… नाही? सुटलो! मग सगळं काढायचं, बरोबर तेल भरायचं, थोडी फिरवून परत काढून परत भरायचं. दोनतीनदा केलं की ताळ्यावर येईल… हो, नक्की. आता हळू घरी जा आणि फोन बाबांना दे. मला सांगायचंय. तू काही बोलू नकोस."

फोनमधून फाटक वाजलं, मग पायऱ्यांवर चपला वाजल्या. दादाने तेवढ्यात चिंधी सोडून योग्य डब्याला बांधली, दोन गाठी मारून.

"बाबा?… हो, मीच… दूध नासलेलं नाहीये, ते जाऊ द्या… नाही, आधी तुम्ही ऐका. तुमचा पाय ठीक आहे… पाय, बाबा. पाय. एकदम ठणठणीत… समजूत नाही घालत, शप्पथ! छोटीने तुमच्यासारखी चालवली, तर तिलाही थरथरली… मग तिचाही पाय गेला का बेचाळिसाव्या वर्षी?… तेल चुकलं… मी दिलेलं… हो, मीच… हो… गाढव, हो… तेही बरोबर… बाबा, दहावीच्या गणिताचा इथे काय संबंध?"

इतक्या शिव्या दादाने वर्षानुवर्षांत खाल्ल्या नव्हत्या, आणि इतक्या गोड तर कधीच लागल्या नव्हत्या. मग बाबांचा आवाज खाली आला.

"…बाबा?… हो. मला माहितीये, तीन आठवडे तुम्ही स्वतःच्या पायालाच दोष देत होतात… चुकलो मी. खरंच चुकलो… नाही, नाही, विकायची कशाला? मी येतो ना तेल घेऊन… काय? तुम्ही येताय? इथे? आत्ता?… आणि पाचच्या गिऱ्हाइकाचं काय?… त्याला छोटी चहा देऊन वाटेला लावेल, बरं. पण चाळीसच्या वर जाऊ नका, तेवढ्याला ती चकती धरत नाही… छोटीला शेजारी घ्या… नको? का?… ती पॅडल तुडवते! तुम्हालाही माहितीये?… बरं, बरं. मी दार उघडून ठेवतो. आणि बाबा, पुलाशी वळताना जरा…"

दार लागल्याचा आवाज आला. इंजिन सुरू झालं.

"हॅलो?… बाबा?… ठेवला!"

गाडीत बसलं की फोन ठेवायचा, हा बाबांचा जुना नियम होता. किल्ली छोटीच्या हातात दिल्यानंतर तो आज पुन्हा लागू झाला होता.