अक्काच्या मापाचा पाट

पाट? न्हाई बाई, इथं कुठला पाट — बस की साक्षी, उभी कामून? काकूच्या घरी बी आता पाहुण्यासारखी उभी राहशील का? तुझे अप्पा जाऊन महिना झाला न्हाई अन् तू पाट हुडकत फिरायलीस. तेराव्याला एवढी माणसं आलती, निलंग्याची, देवणीची, उचलून नेला असंल कुणीतरी. नेतीलच की, त्यांच्या हातची वस्तू म्हणल्यावर — देव्हारा असो का पाळणा, खिळा कुठं मारलाय दिसायचं न्हाई. अन् माणूस तरी कसा, सांजच्याला रंधा खाली ठेवला की सरळ घरी, चौकात एक पान खाल्लं न्हाई कधी. आमचे हे त्यांचेच धाकटे भाऊ. तुझ्या आजोबांनी दोघांच्या हातात एकाच दिवशी करवत दिली — ह्यांनी दुकान टाकलं, तयार दारं विकायलेत. असू दे.

अक्का रडायली म्हणतेस? रडणारच की. चुलीम्होरं बसता येईना तिला, ठाऊक हाय मला. तुझी आई, पण माझी थोरली जाऊ, एका चुलीवर राबलोत आम्ही. तू झालीस तवा तिचा गुडघा गेला, मांडी घालता येईना, तर अप्पांनी काय केलं सांगू? आठ दिस ती भाकरी थापायची अन् अप्पा उंबऱ्यात बसून नुसते बघायचे. टेप न्हाई, पट्टी न्हाई. मी बी तिथंच पीठ चाळत बसलेली, माझ्याकडं कोण बघतंय — मग सागवानाचा पाट केला, वीतभर उंच, मधी खोलगट, अन् डाव्या अंगाला जरासा उतार, म्हंजी पाय लांब सोडला की कंबर आपोआप —

काय? मला कसा ठाऊक उतार? ठाऊक हाय. तो डोळ्याला दिसतच न्हाई, बसल्यावरच कळतंय —

व्हय. बसले मी. तुम्ही सगळे मंडपात होता, मी सतरंजीत गुंडाळून मागच्या दारानं आणला. चोर म्हण, काही बी म्हण. पण वाईट अर्थ घेऊ नको, मला तुझ्या बापाचं काही नको होतं, देवमाणूस तो. माझी बी कंबर दुखती गं, वीस वर्सं झाली. ह्यांना सांगितलं तर प्लास्टिकचं स्टूल आणून आपटलं, ‘घे, मोडत न्हाई हे.’ चुलीम्होरं स्टूल! आठ दिस न्हाई, एक दिस कुणी बघत बसलं असतं — जाऊ दे. अन् पाट आणून काय मिळालं मला? रोज बसले. रोज. उतारावरनं घसरायले, पाठीत कळ निघती, भाकरी वाकडी व्हायली. तिच्याच मापाचा हाय तो, दुसऱ्या बाईला बसू देत न्हाई.

पिठाच्या डब्यामागं हाय, घे. न्हाई, आईला विचारून येते म्हणू नको! अक्का काय म्हणंल ठाऊक हाय मला — ‘राहू दे तिला, तिची बी कंबर दुखती.’ असंच म्हणंल. मनापासून म्हणंल. मग मी काय करू? जन्मभर तिनं दिलेल्यावर बसू? ती तेवढी बी मोठी अन् मी — उचल आधी. अन् जाताना दार ओढून घे.