गुहेत रेंज नसते

तान्ह्या लेकीला पहिल्यांदाच नवऱ्यावर सोपवून ती चुनखडीची गुहा बघायला आली होती. रांगेत तिच्या पुढे कुणी अनोळखी नणंद-भावजय होत्या. हातातल्या फोनवरची तिची नजर हलत नव्हती, पण कान मात्र तिकडेच लागले होते.

“ताई, आत तासभर फोन लागत नाही म्हणे.”

“म्हणून तर आणलं तुला, वहिनी.”

“अहो, आईंना कूस बदलून द्यावी लागते.”

“दादा देईल. त्याचीच आई आहे ना?”

“त्यांना नाही जमत.”

“इतकी वर्षं तू जमू दिलंस कुठे?”

“तुमचं बरंय. उद्या तुम्ही परतीच्या गाडीत बसाल.”

“बसेन. म्हणूनच आज भांडून आणलं. उभ्या उभ्या पेंगतेयस तू.”

भावजयीचा फोन वाजला.

“बघा, त्यांचाच.”

“दे इकडे. हॅलो, दादा? वहिनी होय? ती गेली गुहेत. छे, आता कशी बोलावू? आईलाच विचार ना, ती सांगेल कुठल्या कुशीवर वळवायचं.”

गाइडने दाराची साखळी काढली.

“ताई! आपण अजून बाहेरच आहोत की!”

“मग चल लवकर आत. मला खोटं पाडू नकोस.”