धोंडीचं मुसळ अन् प्रभूची भाकरी

—गेलते धोंडीत! कावून न्हाई म्हनू? खोटं बोलायला मी काय सोसायटीची चेअरमन हाय? बसा पाळकसाहेब, बाज मजबूत हाय. इतक्या लांबून फटफटीवर माझी चौकशी करायला आलात, तर नीट आयका. तिसरं साल पाऊस न्हाई. गावातल्या बायांनी धोंडी काढली — तुमी शहरातले, तुमाला काय ठावं — मुसळाला लिंबाचा डहाळा अन् बेडूक बांधायचं, खांद्यावर घेऊन दारोदार हिंडायचं, घरची बाई वरून पानी वतती. माझ्या दारात आल्या अन् म्होरली बायनाबाई उन्हानं चक्कर येऊन खालीच बसली. मग घेतलं मी मुसळ. अख्खं गाव हिंडले, चिंब भिजले. येशूला इचारलं न्हाई, हे खरं. पन त्याला तीन सालं इचारीतच व्हते की!

अन् बोट दावतो कोन? आप्पाराव! तुमच्या चर्चच्या मंडळीतला वडील, पंच म्हना — देवळात अब्राहाम, सोसायटीत चेअरमन आप्पाराव. म्हनं, सारजाबाईनं मूर्तिपूजा केली, तिला प्रभुभोजन बंद करा. अन् त्याच्या घराकडं धोंडी गेली तवा काय झालं, ते सांगितलं का त्यानं? म्होरलं दार बंद. मागल्या दारानं त्याची केसरबाई आली अन् वतलं पानी — तांब्या न्हाई बरं, हंडा! — टँकरचा भरलेला हंडा! वर पदर तोंडाशी धरून म्हनती, सारजे, बेडकाचं तोंड जरा आमच्या वावराकडं कर. केलं मी! मला काय, पाऊस पडला तर समद्यांच्याच वावरात पडनार.

हसू नका. अजून आयका. सोसायटीत त्याची जागा कंची? राखीव. ख्रिस्ती झालेल्या मानसाला ती मिळत न्हाई. मग लिवून दिलं — मी हिंदू, मरीआईला निवद दावतो. तलाठी घर बघायला येनार, तर भिंतीवरचा क्रूस काढून पिठाच्या डब्यात घातला! पिठात, साहेब! — मला कसं ठावं? व्हते ना मी तिथंच. दोन गवाह लागत्यात. एक शेजारचा उत्तरेश्वर, अन् दुसरा — दुसऱ्याचं सोडा. चहा घ्या.

न्हाई. आता काय लपवू. दुसरा अंगठा माझा. छावनी सोसायटीची, अन् माझी गाय आत घेत नव्हते. आप्पाराव म्हनला, अंगठा दे, उद्या गाय चाऱ्याला. हाडं मोजून घ्यावी अशी झालती वो ती, उठवत नव्हतं तिला. दिला. खोटी गवाही दिली, देवाच्या इरुद्ध दिली, अन् त्या रातीपासून प्रार्थनेला बसले की जीभच वळत न्हाई माझी. त्याच्यापायी मला भोजन बंद करा, मान खाली घालून भाईर बसते. पन धोंडीपायी न्हाई! तहान लागलती म्हनून मागितलं, भर दुपारी, उघड्यावर. कुनाला फसिवलं मी?

अन् मला सांगा, दर पयल्या रविवारी तुमी जी भाकरी मोडता, ती कुनाच्या तव्यावरची? माझ्या. बावीस वर्सं झाली. परवा आप्पारावचा निरोप आला — भोजनाला यायचं न्हाई, भाकरी तेवढी पाठव. आयकलं का? तोंड चालत न्हाई, हात चालतो! तर ह्या रविवारी भाकरी मीच आननार, अन् म्होरल्या चटईवर बसनार. मोडायची तर मला घालून मोडा, न्हाई तर घरून पाव घेऊन या.

काय लिवताय? धोंडीचं? ते लिवा की. पन अंगठ्याचं पयलं लिवा. क्रूस, पीठ, गाय — समदं लिवा. आमच्यावर केस झाली तर होऊ द्या, तो अन् मी एकाच जीपमंदी जाऊ. खाली जागा सोडा, अंगठा लावते. ह्या बारीला खरा.

शाई न्हाई? तव्याची काजळी हाय की. आना कागद हिकडं.