मग वेलीचं कोण बघेल?

नाही हो, रुसून-बिसून नाही निघालेली! एकटी बाई, मांडीवर एवढी मोठी पिशवी आणि तोंड असं एरंडेल प्यायल्यासारखं, म्हणजे भांडूनच आली असणार असं वाटलं ना तुम्हाला? वाटू द्या. त्या समोरच्या वहिनीही मघापासून तसंच बघतायत. आता विचारलंच आहे तर ऐका, भुसावळपर्यंत तुम्ही आहात आणि बुऱ्हाणपूरपर्यंत मी आहे. माझं हे जे काय झालंय ना, ते एका वेलीमुळे. हो, वेलीमुळे! क्लेमॅटिस म्हणतात तिला. तुम्ही नाव ऐकलं नसेल, मीही नव्हतं ऐकलं, आता झोपेतसुद्धा ऐकते.

आमचे हे गणिताचे मास्तर. रिटायर झाले आणि घरात बसून माझ्या फोडणीतल्या मोहऱ्या मोजायला लागले. मुलगा पंकज नाशिकला असतो, मीच त्याला फोन केला, म्हटलं, बाबा रे, तुझ्या वडलांना काहीतरी कामाला लाव. तर त्यानं काय करावं? ऑनलाइन वेल पाठवली! खोक्यात भुसा, भुशात पिशवी, पिशवीत एक काडी. दात कोरायची काडी बरी दिसते हो! पण खोक्यावर फोटो होता, जांभळं फूल, बशीएवढं. ह्यांनी तो फोटो बघितला आणि बस... माणूस गेला हातातून.

मग मोबाइलवर एक गोरी बाई सापडली. इंग्लंडची. टोपी, हातमोजे, गाल कसे लाल लाल. ती म्हणते, हिचे पाय सावलीत हवेत आणि डोकं उन्हात. झालं! संसारात माझं कधी ऐकलं नाही, त्या बाईचं एकेक वाक्य परत परत लावून ऐकायचे आणि मला ऐकवायचे. 'कोकिळा, पाय सावलीत, डोकं उन्हात!' अहो, बुऱ्हाणपूरच्या उन्हात डोकं? मे महिन्यात आमच्याकडे कावळा डोकं बाहेर काढत नाही! तर कुंडीभोवती कौलं रचली. तेवढ्यानं भागेना, म्हणून दापोऱ्याहून स्कूटरवर केळीचे खांब आणले, चिरून मुळांवर अंथरले, नव्या पँटला चीक लागला. आता केळीचा डाग निघतो का, तुम्हीच सांगा! तरी म्हणे माती गरमच. मग काय केलं असेल? आमचा कूलर! खिडकीतला कूलर फिरवून त्याचं तोंड अंगणाकडे केलं. वेल गारव्यात आणि मी आत पेपरनं वारा घेतेय. शेजारच्या भागाबाई कुंपणावरून बघतच राहिल्या, म्हणाल्या, "काय व माय, सर कोणले वारा घाली ऱ्हायनात?" काय सांगू त्यांना? सवतीला म्हणू?

पंकजनं तेव्हाच नवीन घर घेतलं होतं. सून अमृता रोज फोन करायची, "आई, या ना दोघं, इकडे जरा गार आहे." मी तर बॅग काढून पुसूनसुद्धा ठेवली. हे म्हणाले, "जाऊ की! पण मग वेलीचं कोण बघेल?"

तुम्ही म्हणाल, एकटी का नाही गेलीस? अहो, ह्यांना गॅस पेटवता येतो, बंद करता येत नाही!

बरं, उन्हाळा गेला तर म्हटलं आता सुटलो. कुठलं! पाऊस आला की म्हणे मुळं कुजतात. आधी पाणी नाही म्हणून रडायचं, मग पाणी आहे म्हणून रडायचं! माझी छत्री त्या कुंडीवर बांधली, मी मंडईत डोक्यावर पिशवी घेऊन. एवढं करूनही एके दिवशी बघतो तर काय, काल सरळ उभी होती आणि आज मान टाकलेली, देठ काळाठिक्कर. हे जेवलेच नाहीत. तुम्हाला सांगते, माझ्या सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा दुपारी दोन घास खाल्ले होते! गोरी बाई म्हणाली, घाबरू नका, खालपर्यंत कापा, पुन्हा फुटेल. कापली. कशानं? माझ्या ब्लाउज बेतायच्या कात्रीनं! आणि फुटली हो मेली, खरंच फुटली. मग तिला चढायला काठी हवी, काठीला बांधायला मऊ दोरी हवी... माझ्या परकरांच्या नाड्या कुठे जातात, ते मला तेव्हा कळलं.

दिवाळी झाली आणि अमृताचं डोहाळजेवण निघालं. पहिलं नातवंड! मी म्हटलं, आता तरी? तर ह्यांच्या वेलीला कळी. तिकडे सून पोटुशी, इकडे वेल पोटुशी, आणि हे वेलीपाशी! "दोन दिवसांत उमलेल गं, मग वेलीचं कोण बघेल?" नाही गेलो. मला वाईट वाटलं. आता हसतेय खरी, पण तेव्हा मोरीत जाऊन रडले. आणि उमललं ते केवढं? बत्ताशाएवढं! ह्यांनी गल्लीभर मावा जिलेबी वाटली. समोरचा रितेश, पॉवरलूम आहे त्याचा, जिलेबी खात म्हणाला, "अंकल, बस इतना सा ही है क्या?" पंधरा दिवस बोलले नाहीत त्याच्याशी.

थंडीत आणखी मजा. गोरी बाई म्हणाली, पाला पडेल, वेल झाका. आता आमच्याकडे जानेवारीत पंखा बंद करतो, तेवढीच थंडी! पण माझी शाल गेली ना त्या कुंडीला. मी म्हटलं, हिच्यासाठी शेकोटी पेटवू का? तर हे विचारात पडले!

आणि फेब्रुवारीत नात झाली. 'मी की वेल' असं विचारायचं मनात होतं, पण उत्तर माहीत असताना कशाला विचारायचं? तर हेच बूट घालून समोर उभे! म्हणाले, "चल, बारशाला जाऊ. वेल कालच छाटली, आता तिचं काही काम नाही. रितेशला पाणी घालायला सांगितलंय." माझा विश्वासच बसेना. गाडीत बसेपर्यंत मी ह्यांच्या बाहीला धरून होते.

बारसं काय सुंदर झालं! नात पाळण्यात, बायकांनी पाळणा म्हणायला घेतला आणि ह्यांचा फोन वाजला. कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर. रितेश! "अंकल, बुरी खबर है. आपकी बेल मर गई. सिर्फ लकड़ी बची है. उखाड़ दूँ क्या?" हे ओरडले, "हात मत लगाना! छाँटी है रे, मरी नहीं!" पोर दचकून किंचाळली, ह्यांनी घाबरून तिला उचललं... आणि ती एकदम गप्प. ह्यांचं बोट धरलं तिनं. माझे डोळे भरून आले हो.

पण त्यानंतर त्या माणसानं तिला खाली ठेवलं असेल तर शपथ! सकाळी खिडकीत घेऊन बसायचे, पायांवर दुपटं, डोक्यावर कोवळं ऊन. "कोकिळा, पाय सावलीत, डोकं उन्हात!" माझ्या वाट्याला नात कधी आली? हे दाढी करतील तेवढ्यापुरती. काल अमृता म्हणाली, "आई-बाबा, महिनाभर राहा ना दोघं." मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं तर हे माझ्याकडे बघून म्हणतात, "मी राहतो. पण त्या रितेशचा काही भरवसा नाही. मग वेलीचं कोण बघेल?"

म्हणून ही मी, गाडीत! आणि ह्यांचं जेवण? ते सुनेकडे, गॅसचा प्रश्नच मिटला.

थांबा हं, त्यांचाच फोन... हो, मिळाली जागा... हो, आधी वेल, मग चहा... हो, दुपारी सावली धरते... अहो, पण तिकडे आतापासून ऊन चावतंय, मला कोण सावली धरणार?... काय?... बरं. ठेवा.

म्हणतात, "ती बिचारी परमुलखातली आहे गं. तू तर बुऱ्हाणपूरचीच!"