निळ्या पिंपात काय होते

मी, खाली सही करणारी, वय ४३ वर्षे, धंदा दुभाषी, राहणार नदीकाठच्या रस्त्यावर शिंप्याच्या दुकानावरील पहिला मजला, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझे पती व माझा धाकटा दीर असे एकत्र राहतो. दीर सीमेवरील मालगोदामात पिंपे उतरवण्याचे काम करतो. मी सरकारी व खाजगी बैठकांत दुभाष्याचे काम करते. नदीपलीकडच्या देशाची भाषा मला माझ्या आईकडून आलेली आहे.

आपला देश व शेजारचे दोन देश अशा तिघांची घातक रसायनांच्या सुरक्षित हाताळणीबाबतची बैठक काल व आज येथील हॉटेलच्या मोठ्या सभागृहात होती. मागील बाजूच्या काचेच्या खोलीत बसून, आपले अध्यक्ष म्हणजे रसायन खात्याचे सचिव जे बोलतील ते पलीकडच्या पाहुण्यांच्या कानात त्यांच्या भाषेत सांगायचे, हे माझे काम होते. आमच्या धंद्यात दुभाषी 'ते म्हणतात' असे म्हणत नाही. बोलणारा 'मी' म्हणाला तर आम्हीही 'मी'च म्हणतो. हे मुद्दाम सांगते, कारण माझ्याविरुद्धची तक्रार त्यावरच आहे.

काल दुपारी गोदामात एक निळे पिंप गळले व त्यातील द्रव दिराच्या उजव्या हातावर सांडला. पिंप पलीकडच्या कारखान्यातून आले होते. तिन्ही देशांच्या लेबलांवरील धोक्याची चित्रे वेगवेगळी आहेत. त्यामुळे माल आला की त्यांचे लेबल खरवडून काढायचे व आपले चिकटवायचे अशी पद्धत आहे. आपले लेबल छापून येईपर्यंत पिंप कोरे उभे राहते. कामगार त्याला बिनबापाचे पिंप म्हणतात. सगळ्यांनी मिळून एकच लेबल ठरवावे यासाठीच ही बैठक होती.

हात सुरुवातीला नुसता लाल झाला होता. दिराने नळाखाली धुतला व काम चालू ठेवले. संध्याकाळी घरी आल्यावर त्याला चमचा धरवेना. तो मला म्हणाला, "वहिनी, हात गेला तरी बिघडत नाही. तुमच्यासारखं तोंड चालवून पोट भरीन." आम्ही त्याला सरकारी रुग्णालयात नेले.

तेथील डॉक्टरबाई म्हणाल्या, "जखम वरून दिसते त्यापेक्षा आत जास्त आहे. कशाने भाजलं ते सांगा. प्रत्येक रसायनाचा इलाज वेगळा, अंदाजाने सुई टोचता येणार नाही." माझ्या पतींनी गोदामाच्या व्यवस्थापकाला विचारले. त्याने जकात कचेरीकडे बोट दाखवले. जकात कचेरीतील कागदावर 'औद्योगिक द्रव' एवढेच होते. पलीकडच्या देशाच्या मदत क्रमांकावर फोन केला असता, विनंती आपल्या खात्यामार्फत यावी असे सांगण्यात आले. आपल्या खात्यात फोन उचलणाऱ्याने सांगितले की सगळे साहेब बैठकीला गेले आहेत.

बैठक कोठे आहे हे मला ठाऊक होते. आज सकाळी मी तेथे कामावर गेले.

चहाच्या सुट्टीत मी आपल्या खात्याच्या कक्ष अधिकाऱ्यांना, म्हणजे आजच्या तक्रारदारांना, भेटले. सर्व हकीकत सांगितली व अध्यक्षांनी पलीकडच्या मंडळींना एवढेच विचारावे अशी विनंती केली. ते बिस्कीट चहात बुडवत म्हणाले, "बाई, तुमचं दुःख मला कळतं. पण हा विषय पत्रिकेवर नाही. आपत्कालीन माहितीचं सत्र दुपारी आहे."

मी म्हणाले, "मग दुपारी विचाराल?"

ते म्हणाले, "दुपारी अहवाल वाचायचाय. त्यात कुठे घुसवता?"

त्यानंतर मी पलीकडच्या कारखान्याचे सुरक्षा अधिकारी मागच्या रांगेत बसले होते त्यांच्याकडे गेले. ते वयस्क गृहस्थ आहेत. ते हळूच म्हणाले, "ताई, खेप आमचीच असणार. पण मी इथे माझ्या सरकारबरोबर आलोय. तुमच्या अध्यक्षांनी विचारलं तर लगेच सांगेन. तुम्हाला सांगितलं तर माझी नोकरी जाईल." मला त्यांचा राग आला. तरी सभागृहात सरळ उत्तर देणारे तेवढेच एक होते, हेही लिहून घ्यावे.

दुपारच्या सत्रात अध्यक्षांनी अहवाल वाचला. "आज मी अभिमानाने सांगतो की, आपल्या तिन्ही देशांत कोणत्याही रसायनाची माहिती मागितल्यापासून तासाभरात मिळेल अशी व्यवस्था उभी राहिली आहे," असे ते म्हणाले. हे वाक्य मी जसेच्या तसे सांगितले. माझ्या तोंडून 'मी अभिमानाने सांगतो' गेले. पुढे ते पाणी प्यायला थांबले. तेव्हा मी माइकमध्ये पलीकडच्या भाषेत म्हणाले, "आणि आता मी विचारतो. काल आमच्या गोदामात गळलेल्या निळ्या पिंपात काय होतं?"

कारखान्याचे अधिकारी तत्काळ उभे राहिले व त्यांनी समोरच्या माइकचे बटण दाबले. ते म्हणाले की, ते हायड्रोफ्लोरिक आम्ल आहे, काच कोरायला वापरतात, ते हाडापर्यंत जाते, जखमेवर ताबडतोब कॅल्शियमचे मलम लावावे व डॉक्टरांनी कॅल्शियमच्याच सुया द्याव्यात. माझ्या शेजारी बसणाऱ्या ज्येष्ठ दुभाषी, ज्यांना आम्ही मावशी म्हणतो, यांनी ते उत्तर अध्यक्षांच्या कानात आपल्या भाषेत सांगितले. त्यांना आधी काहीही माहीत नव्हते. त्या मला एवढेच म्हणाल्या, "ऊठ, फोन कर. पुढचं मी रेटते." मी बाहेर जाऊन पतींना फोन केला.

आपण काहीच विचारले नव्हते हे अध्यक्षांच्या लक्षात आले की नाही, हे मी सांगू शकत नाही. मी परत आले तेव्हा ते म्हणत होते, "धन्यवाद. यालाच सहकार्य म्हणतात." सभागृहात टाळ्या चालू होत्या. कक्ष अधिकारीही वाजवत होते.

सत्र संपल्यावर पलीकडच्या मंडळींनी या प्रश्नाबद्दल अध्यक्षांचे अभिनंदन केले, तेव्हा प्रकार उघडकीस आला. मला सभागृहाच्या दारातून ठाण्यात आणण्यात आले. माझी बॅग तपासण्यात आली. माझे पलीकडे कोण नातेवाईक आहेत, मला कोणी पैसे दिले, मावशी सामील आहेत का, हे विचारण्यात आले. माझे आजोळ पलीकडे आहे. पैसे कोणी दिलेले नाहीत. मावशी सामील नाहीत.

पिंपाचे लेबल कोणी खरवडले, ते कोरे का उभे होते, हे मला कोणी विचारले नाही. मी स्वतः सांगू लागले असता ठाणे अंमलदार म्हणाले, "ते पिंप परदेशाचं, त्यात आम्ही काय करणार? तुम्ही वाक्याचं बोला." पिंप आपल्या गोदामात होते. हात आपल्या माणसाचा आहे.

रुग्णालयातून निरोप आहे की, दिराचा अंगठा व शेवटची दोन बोटे वाचतील. मधल्या दोन बोटांबद्दल डॉक्टरबाईंनी विचारले की, हे काल का नाही कळले. त्याच खेपेची बाकीची पिंपे आत्ताही गोदामात कोरी उभी आहेत व दिराच्या जागी दुसरा माणूस लावलेला आहे. त्याला आत काय आहे ते सांगितले का, हे मी येथे तीनदा विचारले.

माझा जबाब मला वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. त्यात एका ठिकाणी 'चुकीचा अनुवाद केला' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. अनुवाद कोठेही चुकलेला नाही. अध्यक्षांची सर्व वाक्ये मी जशीच्या तशी सांगितली. शेवटचे वाक्य माझे स्वतःचे आहे व त्याखालीच मी सही करते. पिंपाबाबतची माझी तक्रार स्वतंत्र कागदावर घेऊ, सध्या घरी जा, असे मला सांगण्यात आले. मी गेलेली नाही. तो कागद येईपर्यंत मी ठाण्याच्या बाकावर बसून आहे.